पुस्तकाचे पहिले पान आणि वाकोल्याचा नाला

वाकोल्यात एका नातेवाइकांकडे असरनंतर चहाला बसलो होतो. वर माळ्यावर घरातली सातवीतली मुलगी मोठमोठ्याने पाठांतर करीत होती. 'बालभारती'च्या पुस्तकात धड्यांच्या आधी संविधानाची उद्देशिका, प्रतिज्ञा आणि नागरिकांची मूलभूत कर्तव्ये छापलेली असतात. आपण पालक ती पाने उलटून सरळ पहिल्या धड्यावर जातो. तिच्या बाईंनी मात्र तेच पाठ करायला दिले होते. नद्या-तलावांचे रक्षण करावे, या कलमापाशी ती आली तेव्हा कोपऱ्यात तसबीह फिरवीत बसलेल्या नानीने विचारले, "अगं, त्यात आपला नाला येतो का?"

सगळे हसले, आम्हीही हसलो. पण नानीने काही विनोद केला नव्हता.

नाला त्यात येतोच. विहार आणि पवई तलावांचे ओसंडलेले पाणी घेऊन मिठी नदी निघते आणि माहीमच्या खाडीला मिळते. वाकोल्याचा नाला वाटेत तिच्यात येऊन पडतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा मिठीला पाणी पोटात घेता येईना आणि ते उलटे वस्तीत शिरले. नानीच्या घरात खिडकीपर्यंत पाणी होते. रेशनकार्ड, निकाहनामा आणि मुलांचे दाखले पत्र्याच्या पेटीत भरून तिने ती पेटी रात्रभर डोक्यावर धरली होती. ते दाखले आजही पिवळे पडलेले, कडा फुगलेले आहेत.

पुरानंतर सगळा राग प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर निघाला. पिशव्यांनी नाले तुंबले, हे खरेच. पण मिठीकाठची दलदल भरून वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले, विमानतळासाठी नदीचे पात्र वळवले गेले, ही कामे काही झोपडीतल्या बाईने केलेली नव्हेत. दोष वाटताना हे लक्षात ठेवावे लागते.

कर्तव्यांच्या या यादीचा इतिहासही माहीत असावा. १९५० साली अमलात आलेल्या संविधानात ती नव्हती. आणीबाणी चालू असताना, स्वर्णसिंग समितीच्या शिफारशींनंतर, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ५१ क आला आणि दहा कर्तव्ये लिहिली गेली. लोकांचे हक्क गोठवलेले असताना त्यांना कर्तव्ये शिकवली गेली, हा योग आम्हाला नेहमीच खटकत आला आहे. अकरावे कर्तव्य २००२ मध्ये आले: सहा ते चौदा वर्षांच्या पाल्याला शिक्षणाची संधी देणे. मतदान या यादीत नाही, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. कर भरणेही नाही. ते असावे असे समितीने सुचवले होते, पण घेतले गेले नाही.

हक्क मोडला तर अनुच्छेद ३२ खाली सर्वोच्च न्यायालयात जाता येते. कर्तव्य चुकले म्हणून ५१ क खाली थेट शिक्षा नाही. त्यासाठी वेगळा कायदा असावा लागतो. म्हणजे हक्क ही कर्तव्याची मजुरी नव्हे. "आधी कर्तव्ये पाळा, मग हक्क मागा," असे आपल्या वस्त्यांना वरचेवर ऐकवले जाते. त्याला संविधानात आधार नाही. २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की पाणी हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि घर अनधिकृत आहे म्हणून माणसाला ते नाकारता येणार नाही. तिथे कोणी विचारले नाही की हा माणूस कचरा कुठे टाकतो.

पण आपण आपल्याला विचारायला काय हरकत आहे? रात्री खिडकीतून गाठ मारलेली पिशवी नाल्यात जाते, ती कोणाच्या घरातली? बकरी ईदच्या संध्याकाळी नाल्यात काय काय वाहत असते, हे लिहायला आम्हाला बरे वाटत नाही, पण पाहिले आहे. वाटेतली त्रास देणारी वस्तू बाजूला सारणे ही ईमानचीच एक शाखा आहे, असे प्रेषितांनी (स.) सांगितल्याचे आपण मुलांना शिकवतो. शेजाऱ्याचा हक्क, हुकूकुल इबाद, यावरही तासन् तास ऐकतो. नाल्याच्या खालच्या अंगाला राहणारा शेजारी त्यात धरायचा की नाही?

नानीच्या घरी आम्ही हे बोललो तेव्हा तिच्या सुनेने वेगळीच अडचण काढली. कचऱ्याची गाडी गल्लीत शिरत नाही, मुख्य रस्त्यावर पाच मिनिटे थांबते, तीही नेमकी शाळेच्या वेळेला. ओला आणि सुका कचरा वेगळा करून बादल्या घेऊन धावत कोण जाणार? जाते ती ही सातवीतली पोर. महिन्यातून तीन-चार वेळा तिची शाळा बुडते किंवा उशीर होतो. नववीतला भाऊ तेव्हा अंथरुणात असतो.

मुलगी तोवर माळ्यावरून खाली आली होती. पुस्तक तिच्या हातातच होते. स्त्रियांच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणाऱ्या प्रथा सोडाव्यात, हे कलम (ङ) तिनेच काढून दाखवले, आणि खाली शिक्षणाचे कलम (ट). नदीचे कलम पाळताना ही दोन मोडत होती, आणि तीही घरातच. तिची अम्मी गप्प राहिली. नानी म्हणाली, "उद्यापासून बादली तो नेईल. आणि गाडी गल्लीच्या तोंडाशी यावी म्हणून अर्ज लिहा, मी अंगठा नाही, सही करीन."

अर्ज आम्ही तिथेच बसून लिहिला, गल्लीतल्या एकवीस घरांच्या सह्या झाल्या. त्याची पोच आली आहे, उत्तर अजून नाही. दोन दिवसांनी मुलीच्या अम्मीचा फोन आला होता: मुलगा बादली घेऊन गेला, पण झाकण गाडीपाशीच विसरून आला.