सिलिंडर रुंद करण्याचा मोह

वेचणीच्या वेळीं अवकाळी पाऊस झाला म्हणजे आर्णीकडील काळ्या चिखलांतून कापूस बाहेर काढण्यासाठीं जुन्या तीनचाकी टेम्पोचें सिलिंडर रुंद करून घ्यावें, असा मोह होणें साहजिक आहे. आम्हांस मात्र हा सौदा आंतबट्ट्याचा वाटतो. ८० मिलिमीटरांचा व्यास ८४ केल्यास घनमान शेंकडा दहाच वाढतें. उलट भिंत सर्व बाजूंनीं दोन मिलिमीटरांनीं पातळ होऊन उष्णतेनें वाकण्याचा धोका येतो, आणि वाढीव भार जुन्याच क्रँकवर व बेअरिंगांवर पडतो. शिवाय चिखलांत गाडी अडते ती बहुधा चाक जागींच फिरतें म्हणून. त्यास इलाज टायरच्या नक्षीचा. झिजलेलें सिलिंडर पाव-अर्धा मिलिमीटर घासून ओव्हरसाइज पिस्टन बसविणें निराळें. तें खुशाल करावें. परंतु १९५८ पासून बजाज टेम्पोनें काढलेल्या त्या गाड्या आतां निघत नाहींत. ब्लॉक तडकल्यास दुसरा मिळेपर्यंत वेचलेला कापूस धुऱ्यावरच भिजत राहील.