चवीला शब्द हवेत

मार्च-एप्रिलात मालवणकडे जाताना काजूच्या बागांमधून आंबूस-गोड वास येत राहतो. झाडांखाली पिवळ्या-तांबड्या बोंडूंचा सडा पडलेला असतो. बी काढून घेतलेली असते आणि बोंडू जागीच कुजत असतो. बीच्या कितीतरी पट वजनाचे हे रसाळ फळ. पण ते एक-दोन दिवसांत नासते, म्हणून त्याला फारसे कोणी विचारीत नाही.

नाशिकच्या द्राक्षमळ्यांची सहल करून आल्यावर हे दृश्य मला अधिकच खुपले. महाराष्ट्राने २००१ साली द्राक्षप्रक्रियेचे धोरण आखले, वायनरी वाढल्या, आणि पाहुणेही येऊ लागले. तिथे पेला कसा धरावा, वास कसा घ्यावा, घोट जिभेवर कसा घोळवावा हे शिकवतात. द्राक्षाची जात, माती, हंगाम यांविषयी बोलण्याची एक परिभाषा तिथे आहे. ती उसनी असेल, पण तिने पिकाला प्रतिष्ठा दिली, हे मान्य करावे लागते.

सिंधुदुर्गात मात्र ही परिभाषाच नाही. आरोंद्याला तेरेखोल ओलांडली, की त्याच बोंडूच्या रसाचे पहिले ऊर्ध्वपातन 'हुर्राक' होते आणि दुसरे 'फेणी'. या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. नदीच्या अलीकडे तोच रस केवळ 'गावठी' ठरतो. एप्रिल २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने काजू, मोह यांपासूनचे मद्य 'देशी'च्या वर्गातून काढून 'विदेशी'च्या वर्गात घालण्याचा निर्णय घेतला. व्यवहाराच्या दृष्टीने त्यात सोय असेलही. पण भाषेच्या अभ्यासकाला इथे थबकावेच लागते. घरच्या फळाला मान द्यायचा, तर त्याला परके म्हणावे लागते! गंमत अशी की काजू मुळात ब्राझीलचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आला आणि इथलाच झाला. देशीपण उगमावर नव्हे, रुजण्यावर ठरते, हे त्या झाडाला कळले. आपल्या वर्गवारीला नाही.

जेवणाचेही तेच. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि पुढे रस्तोरस्ती 'मालवणी थाळी'चे फलक लागले. तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले, तिसऱ्या, ओल्या काजूगरांची उसळ, आंबोळी यांचे हंगाम वेगळे, प्रत्येक घरचा हातही वेगळा. 'मालवणी' या एका विशेषणाखाली ते सारे सपाट होऊन जाते.

मद्याचा गौरव करावा, असे माझे म्हणणे नाही. दारूने उद्ध्वस्त केलेली घरे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. परंतु ज्याला नाव नाही ते आधी हिशेबातून आणि मग आठवणीतून जाते. आमचे विद्यार्थी बोलीभाषेच्या प्रकल्पासाठी म्हणी आणि ओव्या गोळा करतात. यंदा मी त्यांना आजीच्या स्वयंपाकघरातले आणि काजूच्या बागेतले शब्द आणायला सांगणार आहे. सरबत असो वा मद्य, बोंडूचे पुढे काय करायचे ते उद्योजक ठरवतील. त्याला काय म्हणायचे, हे ठरवण्याचे काम मात्र आपले आहे.