रानहळदीच्या शेजारी आल्याची लागवड

इस्लामपुराहून पश्चिमेस शिराळ्याच्या वाटेने निघाले म्हणजे कृष्णाकाठची काळी जमीन मागे पडत जाते व चांदोलीचे डोंगर जवळ येऊ लागतात. सह्याद्रीच्या या उतारांवर पावसाळा लागताच रानहळद जमिनीतून वर येते. हिवाळ्यात तिची पाने वाळतात. गड्डे मात्र जमिनीतच राहतात. आले, हळद व रानहळद ही एकाच कुळातील होत. डोंगरालगतच्या शेतात आले लावणाऱ्याने हे नाते बेणे आणण्यापूर्वीच ध्यानात घ्यावयास हवे.

रान आपले आपण सांभाळते, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. रानातील झाडे विखुरलेली असतात, म्हणून तेथे रोग सहसा माजत नाही. पण वरच्या अंगास आल्याचे कुजके शेत असले व त्याचे पाणी खाली झिरपत राहिले, तर त्या झाडांना असलेले हे संरक्षण उरत नाही. कंदकुजीस कारण होणाऱ्या पिथियम बुरशीचे बीजाणू पाण्यात पोहतात, आणि आषाढ-श्रावणात डोंगरउतारावर पाण्यास तोटा नसतो. जिवाणूजन्य मर रोगही बेणे, माती व पाणी यांतूनच पसरतो.

उत्तर अमेरिकेत जिनसेंग या औषधी मुळाची लागवड जंगलातही, कित्येकदा रानटी जिनसेंगाच्या आसपास, करतात. एकदा हे पीक घेतलेल्या जमिनीत ते पुन्हा वर्षानुवर्षे नीट येत नाही, इतके मुळांचे रोग तेथे टिकून राहतात. १९७५ पासून या रानटी मुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे. आपल्या रानहळदीकडे तेवढ्या काळजीने कोणी पाहिलेले नाही, ही खेदाची गोष्ट होय. नव्या जातींच्या पैदाशीस लागणारे गुण अशाच रानटी भाऊबंदांत सापडण्याचा संभव असतो.

तेव्हा बेणे बाजारातून डोळे मिटून घेऊ नये. उभ्या पिकात निरोगी दिसलेल्या शेतातूनच निवडावे व ट्रायकोडर्माची प्रक्रिया करून लावावे. लागवड गादीवाफ्यावर करावी. रानहळदीचा पट्टा उताराच्या खालच्या अंगास असेल, तर ते शेत आल्यासाठी धरूच नये. मर रोगाची शंका आल्यास खोड कापून स्वच्छ पाण्याच्या पेल्यात टांगावे. दुधासारखे धागे उतरले, तर रोग जिवाणूंचा समजावा. अशा जमिनीत पुढे टोमॅटो, वांगी, मिरची व बटाटा हीही पिके घेऊ नयेत, कारण त्यांनाही हाच रोग होतो.

सर्वांत वाईट खोड कुजके गड्डे ओढ्यात लोटून देण्याची आहे. शेत साफ होते खरे, परंतु रोग खालच्या शेजाऱ्याच्या आल्यात आणि ओढ्याकाठच्या रानहळदीत एकाच पुराबरोबर जाऊन पोहोचतो. ते गड्डे शेतातच, ओढ्यापासून दूर, खोल खड्ड्यात पुरावेत, आणि त्या शेतातील कुदळ-खुरपी धुतल्यावाचून दुसऱ्या शेतात नेऊ नयेत.