क्रँकची वंशावळ नको, माप सांगा

यामाहा आरएक्स हंड्रेडचा जुना क्रँक विकणाऱ्याला एकदा विचारून पाहा, स्ट्रोक किती? तो त्या क्रँकची कुंडली मांडेल. जपानचा माल, पहिल्या लॉटमधला, एका नामांकित रेसरच्या गाडीतून उतरवलेला. रेसरने गाडी का मोडली, त्याचीही हकिगत ऐकवेल. मिलिमीटर तेवढे सांगणार नाही. आणि ‘इंजिन बिल्ड करायचंय’ म्हणून पगारातून पैसे साठवणारी आपली पोरं माना डोलावत नोटा मोजतील. विकणाऱ्यावर मी चिडत नाही, थापा मारणं हा त्याच्या धंद्याचा भाग झाला. मी चिडतो ते थाप ऐकून खूश होणाऱ्यांवर.

जपानचंच घ्या. एस्कॉर्ट्सने ही गाडी 1985 ते 1996 या काळात बनवली. सुरुवातीच्या गाड्यांत जपानी भाग होते, हे खरं. पण आज विकले जाणारे सगळेच ‘जपानी’ क्रँक अस्सल मानले, तर यामाहाने भारतात गाड्या कमी आणि क्रँकच जास्त धाडले म्हणायचे. शिवाय हा क्रँक अखंड नसतो. दोन तबकड्या, मधे प्रेसने बसवलेली पिन, त्यावर बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉड. एवढ्या वर्षांत पिन, बेअरिंग, रॉड कितीदा बदलले, कुणाला ठाऊक? जपानी उरल्याच तर त्या दोन तबकड्या. त्यांवरचा शिक्का दाखवून कुणी शपथ घेत असेल, तर शिक्का पाडायला एक ठसा आणि एक हातोडी पुरते.

दुसरी थाप ‘लाँग स्ट्रोक’ची. आरएक्स 135 चा क्रँक टाका, स्ट्रोक वाढतो, असं छातीठोकपणे सांगणारे मिस्त्री मी पाहिलेत. हंड्रेडचं बोअर 50 मिलिमीटर, स्ट्रोक 50. एकशे पस्तीसचं बोअर 58, स्ट्रोक तोच 50. त्यातून एकाचे 98 सीसी होतात, दुसऱ्याचे 132. वाढले ते बोअरमुळे. बुलेटवाल्यांनी हसू नये. त्यांच्या जुन्या 350 चं बोअर 70, जुन्या 500 चं 84, आणि स्ट्रोक दोन्हीकडे 90. तरीही ‘पाचशेचा मोठा स्ट्रोक’ विकला जातोच.

खरोखर स्ट्रोक वाढवायचा तर पिन केंद्रापासून लांब न्यावी लागते. 1 मिलिमीटर सरकवली की स्ट्रोक 52 होतो आणि हंड्रेडच्या बोअरवर हाती येतात जेमतेम 4 सीसी. पिस्टन 1 मिलिमीटर जास्त वर येतो, तेवढाच जास्त खाली जातो, त्यामुळे पोर्टचं सगळं टायमिंग हलतं. हे काम कुणी केलंय की नाही, ते कळायला गुरू लागत नाही. क्रँक सेंटरवर धरून फिरवा आणि पिन सर्वांत वर नि सर्वांत खाली असतानाच्या उंचीतला फरक मोजा. तोच स्ट्रोक.

त्यानंतर ज्याकडे बघायचं, त्याकडे कुणी बघत नाही. रॉड वरखाली हलतो का? हलत असेल तर बेअरिंग गेलं. रॉडचं खालचं टोक निळं पडलंय का? तिथे कधीतरी तेल पोचलेलं नाही. मॅग्नेटकडच्या टोकाला हाफमून चावीची खाच रुंदावली आहे का? मग मॅग्नेट सरकणार आणि टायमिंग चुकणार. सील बसतो तिथे नख अडेल असा चर आहे का? टू-स्ट्रोकला ही जागा जिवावरची. मॅग्नेटकडून हवा शिरली की मिश्रण पातळ होऊन पिस्टन जाम होतो. क्लचकडून गिअर ऑइल शिरलं की गल्लीभर धूर. मॅग्नेट पुलरने काढायचा सोडून हातोडीने ठोकलेला असेल, तर क्रँक वाकडाही असू शकतो. तो वाकडेपणा शतांश मिलिमीटरमध्ये असतो आणि डायल गेजशिवाय दिसत नाही.

पण आपल्याकडे क्रँक पसंत होतो तो चकाकीवर. बफ मारून आरशासारखा केला की झाला ‘रेसिंग क्रँक’. पिनच्या टोकांना वेल्डिंगचे ठिपके दिले की भाव आणखी वाढतो. रेसिंगमध्ये पिन वेल्ड करतात हे खरं, जोरात चालवताना तबकड्या पिनवर फिरू नयेत म्हणून. पण आधी क्रँक सरळ करतात, मग वेल्ड. वाकडा क्रँक वेल्ड केलात, तर वाकडेपणा कायमचा पक्का केलात. वर नवा कार्ब, पोर्टिंग, मोठा एक्झॉस्ट यांवर हजारो रुपये ओता. सगळं त्या वाकड्या दांड्याभोवतीच नाचणार.

तेव्हा पुढच्या वेळी खरेदीला जाताना रेसर मित्राला घरी ठेवा आणि व्हर्निअर खिशात घाला. पैसे देण्याआधी विकणाऱ्याला एवढंच म्हणा, जवळच्या लेथवर चल, सेंटरवर लावून बघू. तो नाही म्हणाला, की क्रँकची ओळख पटली.