टाकीत प्लास्टिक नको राव!

मंडळी, आज जरा भांडायचंय.

सुट्टीत वरणगावला गेलो की कुणाच्या तरी घरी फिश टँक दिसतोच, आणि त्यात हमखास गुलाबी-पोपटी प्लास्टिकची झाडं. का? तर "इकडं खरी झाडं जगत नाहीत भो! ४५ डिग्रीत काय जगणार?" पुण्यात उलटी तऱ्हा. आमच्या आयटीवाल्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं की झाडं हवीत तर कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, महागडा लाइट आणि खास माती हवीच. बजेट ऐकूनच माणूस प्लास्टिककडे वळतो.

दोन्ही थापा!

कमी उजेडातली झाडं मुळातच सावकाश वाढतात. त्यांना सिलिंडर कशाला? ॲन्यूबियास ही आफ्रिकेतल्या ओढ्याकाठची, सावलीतली वनस्पती. ती किंवा जावा फर्न दगडाला दोऱ्याने बांधा, काम संपलं. आडवं खोड मात्र वाळूत पुरू नका, कुजतं. लाइट दिवसाला सहा ते आठ तास बास. त्याहून जास्त दिलात तर झाडाआधी शेवाळ माजतं, आणि मग त्याचं औषध विकायला दुकानदार तयारच!

क्रिप्टोकोरीन लावल्यावर सुरुवातीला पानं विरघळतात. घाबरून उपटू नका, मुळं शाबूत असतील तर नवी पानं येतात. हिच्या काही जाती तर आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांतच वाढतात. आणि बोअरचं जड पाणी? व्हॅलिस्नेरियाला ते चालतं, त्यातल्या बायकार्बोनेटमधून ती कार्बन घेते.

आता उन्हाळा. तो खराच आहे. पण हवा ४५ झाली म्हणून घरातलं पाणी ४५ होत नाही. टाकी खिडकीपासून लांब ठेवा, पाण्यावर पंख्याचा वारा येऊ द्या, उडालेलं पाणी भरत रहा. हे झाडासाठी नको असेल तर माशासाठी करा! तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. ज्या पाण्यात ॲन्यूबियास टिकत नाही, तिथं मासा काय सुखात असणारे?

माझा खरा राग इथेच आहे. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो, तो विषारी असतो. जिवंत झाड तो शोषून घेतं. प्लास्टिक नुसतं उभं राहतं. मग मासे मरतात आणि आपण म्हणतो, "नशीब!" नशीब कसलं डोंबल?

असो. या विकांताला एक दगड, थोडा दोरा आणि एक ॲन्यूबियास आणा. सहा महिन्यांनी भेटा, मग घालू वाद.