अशुद्ध इंग्रजीचें मूळ

इंग्रजी लिहितांना होणाऱ्या चुका कशा टाळाव्या, हें सांगणाऱ्या पुस्तकांची आपल्याकडे कधींच वाण पडली नाहीं. नेसफील्डचें व्याकरण मागें पडलें, रेन आणि मार्टिन यांचें आलें. भाषांतरपाठमाला मुखोद्गत करणारी पिढी गेली आणि चुका व दुरुस्त्या समोरासमोर छापलेल्या पुस्तिकांवर विसंबणारी पिढी आली. औषधें इतकीं, आणि रोग मात्र जशाचा तसा! इ. स. २००० पासून महाराष्ट्रांतील मराठी शाळांत इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून शिकवितात. तरीहि पदवीच्या वर्गांत आलेला विद्यार्थी 'ही डिड नॉट वेंट' असें लिहितो. अशा वेळीं औषधांत भर घालण्यापेक्षां मूळ निदानच चुकलें आहे काय, हें पाहणें शहाणपणाचें होय. आमच्या मतें तें चुकलें आहे.

रूढ निदान असें कीं, विद्यार्थी मराठींतून विचार करतो म्हणून त्याचें इंग्रजी बिघडतें. मग उपाय ओघानेंच येतो : मराठी विसरा, घरींदारीं इंग्रजी बोला, मूल तीन वर्षांचें होतांच त्यास इंग्रजी शाळेंत घाला. हा उपदेश शिरसावंद्य मानून सुशिक्षित घराण्यांनीं काय मिळविलें? मुलांची जीभ सैल झाली, पण लेखणी सुधारली नाहीं; आणि मराठी मात्र हातची गेली. आम्ही याच्या अगदीं उलट म्हणतों. विद्यार्थी चुकतो तो मराठी जाणतो म्हणून नव्हे. जी मराठी तो अष्टौप्रहर बोलतो तिची घडण त्यास कोणीं कधीं दाखविली नाहीं, म्हणून चुकतो.

याचा पुरावा त्याच्या चुकांतच आहे. त्या स्वैर नसतात. सोलापूरचा विद्यार्थी आणि सावंतवाडीचा विद्यार्थी एकाच ठिकाणीं अडखळतात. जी चूक इतकी नियमित, तिला कारण असलेंच पाहिजे. वरील 'डिड नॉट वेंट' हेंच घ्या. 'तो गेला नाहीं' या वाक्यांत भूतकाळ 'गेला' या मुख्य क्रियापदांत आहे, आणि नकार त्याच्या पाठीमागून येतो. इंग्रजींत नकार येतांच भूतकाळ 'डिड' या साहाय्यक क्रियापदाकडे जातो आणि मुख्य क्रियापद मूळ रूपास परततें. एकाच वाक्यास दोन वेळां भूतकाळाचें ओझें कशाला, एवढें एकदां उमगलें, कीं ही चूक पुन्हा होण्याचें कारण उरत नाहीं. केवळ तांबडी रेघ ओढल्यानें तें उमगत नाहीं.

काळांचा घोटाळाहि असाच. 'मी दहा वर्षें पुण्यांत राहतों' हें निर्दोष मराठी वाक्य आहे. मागें सुरू होऊन आतांपर्यंत चालत आलेली स्थिति आपण साध्या वर्तमानकाळानें सांगतों. विद्यार्थी तेंच उतरवितो : 'आय लिव्ह इन पुणे सिन्स टेन इयर्स.' आपला वर्तमानकाळ जें काम येथें करतो तें इंग्रजींत 'हॅव लिव्ह्ड' या रूपाकडे सोंपविलेलें आहे, आणि 'सिन्स' प्रारंभाचा क्षण सांगतो तर 'फॉर' अवधि सांगतो, हें त्याच्या कानीं घालण्यास किती वेळ लागेल? उलटपक्षीं, 'मीं त्याला काल पाहिलें आहे' असें आपण निःशंक म्हणतों. परंतु 'आय हॅव सीन हिम यस्टर्डे' हें चालत नाहीं. इंग्रजीचें तें रूप वर्तमानाशीं नातें राखणारें असल्यामुळें संपून गेलेल्या दिवसाचें नांव त्यास सोसत नाहीं.

कांहीं चुकांनीं तर अर्थच उलटतो. 'गोविंदानें सांगितलें कीं मी उद्यां येतों' यांतील 'मी' म्हणजे गोविंद, हें मराठी माणसास फोडून सांगावें लागत नाहीं. परंतु 'गोविंद सेड दॅट आय ॲम कमिंग टुमॉरो' असें लिहिलें, कीं वाचणारा समजतो, येणार तो पत्रलेखक! दुसरें उदाहरण : 'रस्त्यानें जातांना मला साप दिसला.' 'मला' हें चतुर्थींतलें पद असूनहि जाणारा तोच, हें आपण सहज जाणतों. त्याचें 'वॉकिंग अलाँग द रोड, अ स्नेक वॉज सीन' असें इंग्रजी केलें, म्हणजे चालण्याचें कर्तृत्व सापाच्या गळ्यांत पडतें, कारण इंग्रजींत असें धातुसाधित पुढील वाक्याच्या कर्त्यास जाऊन चिकटतें. ज्यास मराठी वाक्याचा खरा कर्ता शोधण्याची संवय आहे, तो आधीं 'आय' हें पद शोधील आणि मग वाक्य रचील.

'अ' आणि 'द' या उपपदांचें दुखणें सर्वांत जुनाट. आपल्या भाषेंत उपपद नाहीं. 'राजा आला' यांतील राजा ठाऊक असलेला कीं कोणी एक, हें संदर्भावरून कळतें. विद्यार्थ्यास द्यावयाचा मुख्य प्रश्न एवढाच : 'कोणता?' असें विचारण्याचें कारण वाचणाऱ्यास उरलें आहे काय? उरलें नसेल तर 'द'. आणि 'अ' कीं 'ॲन', हें अक्षरावरून नव्हे, उच्चारावरून ठरतें. म्हणून 'अ युनिव्हर्सिटी' पण 'ॲन अवर'. कांहीं ठिकाणीं तर मराठीच तारक ठरते. 'वन ऑफ माय फ्रेंड' लिहिणाऱ्यानें 'माझ्या मित्रांपैकीं एक' असें मनाशीं म्हणून पाहावें. अनेकवचन आपोआप समोर उभें राहील. 'द क्वालिटी ऑफ द मँगोज आर गुड' ही चूक प्रत्यक्ष इंग्रजांच्याहि हातून होते, कारण जवळचें नाम क्रियापदास आपल्याकडे ओढतें. परंतु 'सीतेनें आंबा खाल्ला, सीतेनें पोळी खाल्ली' यांत क्रियापद कोणाच्या मागें जातें, हें ज्यानें तपासलें आहे, तो तेथेंहि सावध राहील.

या खऱ्या चुका बाजूस राहतात, आणि शिक्षकांचा जोर खर्च होतो तो नसत्या सोंवळ्यावर. वाक्याच्या अंतीं शब्दयोगी अव्यय नको, हा असाच एक विधिनिषेध. कवि ड्रायडन यानें इ. स. १६७२ मध्यें बेन जॉन्सनच्या लेखनांत हा दोष काढला. जी गोष्ट लॅटिनमध्यें घडत नाहीं ती इंग्रजींत घडूं नये, या समजुतीपलीकडे त्यास आधार नाहीं. 'टु' आणि धातु यांच्यामध्यें क्रियाविशेषण घालूं नये, हा निषेध तर एकोणिसाव्या शतकांत बळावला, आणि इ. स. १९२६ च्या आपल्या कोशांत फाउलरनें त्याची यथेच्छ थट्टा केली. इंग्रजांनीं टाकून दिलेलें हें सोंवळें आम्ही मात्र भक्तिभावानें पाळावें, याला काय म्हणावें?

येथें कोणी म्हणेल, आतां संगणक आणि हातांतला फोनच चुका दुरुस्त करतो. मग ही यातायात कशाला? यंत्र 'डिड नॉट वेंट' दुरुस्त करील, हें आम्हांस मान्य आहे. परंतु 'आय लिव्ह्ड इन पुणे फॉर टेन इयर्स' आणि 'आय हॅव लिव्ह्ड इन पुणे फॉर टेन इयर्स' हीं दोन्ही वाक्यें शुद्ध आहेत. पहिल्यानें तुम्ही पुणें सोडलेंत, दुसऱ्यानें तुम्ही अद्याप तेथेंच आहां. यांपैकीं खरें कोणतें, हें यंत्रास कसें कळावें? शुद्धता यंत्राकडून उसनी मिळेल. अभिप्राय ज्याचा त्यालाच ठाऊक असतो.

शेवटीं एक कटु गोष्ट सांगणें प्राप्त आहे. आपल्या घरांत इंग्रजी व्याकरण हें ज्ञानाचें साधन राहिलें नसून तें प्रतिष्ठेची काठी झालें आहे. आईच्या तोंडून चुकीचा इंग्रजी शब्द गेला तर तिचींच मुलें हंसतात, आणि वडील त्या हंसण्यांत सामील होतात. तींच मुलें मराठींत चार ओळी धड लिहूं शकत नाहींत, याचें मात्र कोणास कांहींच वाटत नाहीं. या हंसण्याची खरी किंमत मोजतो तो खेड्यांतून आलेला बुद्धिमान विद्यार्थी. त्याच्यापाशीं सांगण्याजोगें पुष्कळ असतें; पण एका 'द'च्या भयानें तो वर्गांत हात वर करीत नाहीं, मुलाखतींत गप्प बसतो, आणि त्याची जागा पोकळ पण सफाईदार बोलणारा पटकावितो. चूक दाखविणें हा गुरूचा धर्म आहे; चुकीला हंसणें हा कोणाचाच धर्म नव्हे.

दादोबा पांडुरंगांनीं इ. स. १८३६ मध्यें मराठीचें व्याकरण प्रसिद्ध केलें, तेव्हां इंग्रजी व्याकरणाचा नमुना त्यांच्यापुढें होता. इ. स. १९११ मध्यें मोरो केशव दामल्यांनीं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' लिहून मराठीकडे तिच्याच दृष्टीनें पाहण्याचा मार्ग मोकळा केला. इंग्रजीच्या उजेडांत मराठी पाहून झाली. आतां मराठीच्या उजेडांत इंग्रजी पाहण्याची पाळी आहे. शिक्षकांनीं वाक्य खोडण्यापूर्वीं एकच प्रश्न विचारावा : 'हें तूं मराठींत कसें म्हणशील?' आणि पालकांनीं मुलास इंग्रजी व्याकरणाचें नवें पुस्तक आणून देण्यापूर्वीं त्याच्याकडून मराठींतलें एक पान शुद्ध लिहवून घ्यावें. ज्यास तें साधलें, त्याची निम्मी इंग्रजी तेथेंच सुधारली असें आम्ही समजतों.