उपदेशाचा फलक आणि कोरडा नळ

साथ आली की आपल्या प्रशासनाला दोन गोष्टी हटकून आठवतात : दंडाची पावती आणि उपदेशाचा फलक. मार्च २०२० मध्ये कोरोनाने महाराष्ट्रात पाऊल टाकले, तेव्हा राज्य सरकारने जो साथरोग कायदा हाती घेतला, तो १८९७ साली प्लेगच्या काळात परकीय सत्तेने केलेला होता. त्याच वर्षी पुण्यात रँडच्या हुकमतीखाली गोरे सोजीर घराघरांत शिरले. आणि त्याच वर्षी प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. साथीशी लढण्याचे दोन मार्ग महाराष्ट्राने त्या एकाच वर्षात पाहिले : एक धाकाचा, दुसरा सेवेचा. सव्वाशे वर्षांनंतरही सत्ताधाऱ्यांना पहिलाच मार्ग सोयीचा वाटावा, ही खेदाची गोष्ट आहे.

नागरिकांच्या कर्तव्याबद्दल आमच्या मनात संदेह नाही. एसटीच्या खिडकीतून पिचकारी मारणाऱ्याचे समर्थन कोणी करू नये. गरिबीची सबब सांगून ही सवय खपवून घेणे म्हणजे गरिबांची कड घेणे नव्हे. त्या घाणीतला रोग प्रथम गरिबाच्याच खोपटात शिरतो. गाडगेबाबांनी आयुष्यभर खराटा हातात धरला, तो समाजाला त्याचे स्वतःचे अंगण दाखवण्यासाठीच. पण कर्तव्य पार पाडण्यास साधन लागते. ‘हात वारंवार धुवा’ असे सांगणाऱ्या फलकाखालचा नळ कोरडा असेल, तर त्या फलकाला थट्टेखेरीज दुसरे नाव देता येत नाही.

अर्थशास्त्र शिकवताना प्रस्तुत लेखक सार्वजनिक वस्तूचे उदाहरण म्हणून दीपस्तंभ सांगत असे. आज वर्गात उभे राहण्याची वेळ आली, तर तो मंडईतल्या नळाचे उदाहरण देईल. भाजीवालीने हात धुतले, तर त्याचा लाभ तिच्यापुरता राहत नाही. तो तिच्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचतो. असा लाभ पैशांत वसूल करता येत नाही, म्हणून बाजार तो पुरवीत नाही. बाजार बाटलीबंद पाणी विकतो आणि ज्याच्या खिशात पैसे आहेत तो ते घेतो. श्वास मात्र सर्वांना एकाच कोंदट बसमध्ये घ्यावा लागतो.

याचा कडू धडा कोल्हापूर जिल्ह्याने कोरोनाच्या पूर्वीच घेतला होता. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ पसरली. ती ‘हेपॅटायटिस ई’ या विषाणूची होती. हा विषाणू मैलामिश्रित पाण्यातून पोटात जातो आणि गरोदर स्त्रियांना विशेष घातक ठरतो. त्या साथीत हजारो आजारी पडले, अनेक दगावले. यंत्रमागावर पाळी करून घरी परतलेल्या कामगाराने साबणाने कितीही हात धुतले असते, तरी त्याच्या घरच्या नळालाच दूषित पाणी येत असेल तर त्याचा काय इलाज होता? १९५५-५६ साली दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. त्यानंतर अर्धशतक उलटूनही पंचगंगेच्या काठी तेच घडावे, याला नागरिकांची गलिच्छ सवय कारण नव्हती. नदीत सोडलेले सांडपाणी आणि जलवाहिन्यांची हेळसांड, हेच त्याचे मूळ.

प्रत्येक विषाणूची वाट वेगळी असते. कोरोनाचा विषाणू प्रामुख्याने श्वासावाटे पसरतो. त्याच्याशी लढताना रस्त्यावर औषध फवारण्यापेक्षा उघडी खिडकी, खेळती हवा आणि तोंडावरची पट्टी अधिक उपयोगी पडते. त्याचे स्निग्ध आवरण साबणाने विरघळते. काविळीच्या या विषाणूवर मात्र हातावरच्या जंतुनाशकाची मात्रा पुरेशी चालत नाही. तेथे निर्मळ पाणी आणि बंदिस्त गटारे लागतात. फवारणी छायाचित्रात दिसते, जमिनीखालची जलवाहिनी दिसत नाही. अंदाजपत्रकातील पैसा कोठे वळतो, याचे उत्तर बहुधा येथेच आहे.

आणि स्त्रियांचे काय? धड स्वच्छतागृह नाही म्हणून दिवसभर पाणी न पिता बाजारात बसणारी बाई कोणत्या आकडेवारीत मोजली जाते? १९१९ साली शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात पाणवठे, दवाखाने आणि शाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचे हुकूम काढले. सार्वजनिक जागा खऱ्या अर्थाने सार्वजनिक करण्याची ती पहिली पायरी होती. त्या जागा सर्वांसाठी निर्मळ राखणे ही दुसरी पायरी. ती अद्याप चढायची आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक एसटी स्थानकात, मंडईत, जोतिबाच्या यात्रेत आणि अंबाबाईच्या नवरात्रात वाहते पाणी, साबण आणि स्त्रियांसाठी निराळे स्वच्छतागृह असलेच पाहिजे. नळाच्या पाण्याच्या तपासणीचे निष्कर्ष दर आठवड्याला वॉर्डावॉर्डांत लावले जावेत. ही व्यवस्था ज्यांच्या हातांनी चालते, त्या सफाई कामगारांना कंत्राटाच्या जाचातून सोडवून कायम नोकरी आणि संरक्षक साधने द्यावीत. सार्वजनिक आरोग्याची सुधारणा हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे, असे आपल्या संविधानाचे ४७ वे कलम सांगते. दंडाची पावती जरूर फाडा. पण त्याआधी नळाला पाणी येते की नाही, हे पाहा. पुढची साथ आपल्या तयारीची वाट पाहत थांबणार नाही.